पर्वरीसारख्या वाढत्या भागात चालायचं आणि सायकलचं जाळं कसं उभं करायचं: मोजणीपासून पावसाळ्यातल्या देखभालीपर्यंत

गोव्यात पणजीच्या पलीकडच्या पर्वरीत नगरपालिका नाही, पण विधानसभा आहे, सचिवालय आहे, हायकोर्ट आहे, मॉल आहे, आणि पेन्ह द फ्रान्स, सुकूर, साल्वादोर द मुंद, रेइश मागूश अशा वेगवेगळ्या पंचायतींच्या हद्दीत नवीन बिल्डिंगा उभ्या राहतच आहेत. मधून राष्ट्रीय महामार्ग ६६ जातो, आणि त्याच्या डोक्यावर ५ किलोमीटरच्या आसपासचा सहापदरी उड्डाणपूल. एवढं सगळं असून हाउसिंग बोर्ड कॉलनीतल्या एखाद्या आजीला हायवेपलीकडच्या डॉक्टरकडे चालत जायचं म्हटलं तर ती आधी कोणी गाडीने सोडतंय का बघते, नाहीतर जायचंच टाळते. हा लेख पंच मंडळी, सोसायटीच्या कमिट्या, शाळेचे पालक, आर्किटेक्चरची मुलं, अशा ज्यांना खरंच काहीतरी करायचंय त्यांच्यासाठी आहे. उदाहरणं पर्वरीची घेतलीयत कारण तो भाग मला माहीत आहे, पण पद्धत म्हापसा, फोंडा, ताळगाव, फातोर्डा कुठेही चालेल.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. जाळं त्यांच्यासाठी आखा जे आजच चालतायत आणि आजच सायकल मारतायत. नदीकाठी रंगीत ट्रॅक, फोटोसाठी पाटी, रविवारची रॅली हे सगळं नंतर. सोमवारी सकाळी कामाला जाणाऱ्या माणसाला जिथे रस्ता तुटतो तिथे पहिला पैसा लागला पाहिजे.

आधी मोजा, आणि नीट मोजा

लोक म्हणतात की पर्वरीत सायकल कोण चालवतंय. पहाटे बाहेर उभं राहून बघा. पोदेर म्हणजे पाववाला येतो, मागे पावाची टोपली, वरून प्लास्टिक, हातात तो पों-पों हॉर्न, आणि संध्याकाळी परत त्याची फेरी असतेच. बांधकामांवरचे कामगार सायकलने येतात. घरकाम करणाऱ्या बायका एका वाड्यावरून दुसऱ्या वाड्यावर चालत जातात, मुलं बसस्टॉपपर्यंत चालतात, आणि बसने पणजीला जाणारा प्रत्येक माणूस दिवसातून दोनदा पादचारी असतोच असतो. वाहनांची गणना करणाऱ्या सर्व्हेत यातले बहुतेक लोक पकडलेच जात नाहीत कारण तो सर्व्हे गाड्यांसाठी असतो.

मोजणी सोपी आहे. एका जागी दोघंजण उभे करा, दर १५ मिनिटांचा वेगळा रकाना करा, आणि चालणारे, सायकलवाले, व्हीलचेअर किंवा काठी घेतलेले, लहान मुलं, बायका, पुरुष असे वेगळे टिपा. वेळा पकडायच्या त्या पहाटे ६ ते ९, दुपारी शाळा सुटायची वेळ (आपल्याकडे साधारण दीड), आणि संध्याकाळी साडेपाच ते ८. एक कोरडा दिवस आणि एक पावसाचा दिवस घ्या, दोन्ही नाही घेतले तर चित्र अर्धवट राहतं. रविवारी सकाळी इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, आसपास आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजारामुळे बसस्टॉपवरही वेगळं चित्र असतं, जमलं तर तेही बघा. बायका अंधार पडल्यावर एखाद्या रस्त्यावरून एकदम कमी झाल्या की समजायचं तिथे दिवे नाहीत किंवा दोन्ही बाजूंना नुसत्या उंच भिंती आहेत.

आता इथे एक मोठी फसगत असते. झेब्रा किंवा सिग्नल द्यायचा की नाही हे ठरवायला इंजिनिअर लोक पादचाऱ्यांची संख्या गुणिले वाहनसंख्येचा वर्ग असं एक गणित वापरतात. पण जिथे रस्ता ओलांडणं इतकं धोक्याचं आहे की कोणी ओलांडतच नाही, तिथे पादचाऱ्यांचा आकडा शून्याच्या जवळ येतो आणि कागदावर सिद्ध होतं की इथे क्रॉसिंगची गरजच नाही. म्हणून नुसतं ओलांडणारे मोजू नका, समोर दुकान, शाळा, स्टॉप काय आहे ते बघा आणि दोन्ही बाजूच्या लोकांना विचारा की तुम्ही पलीकडे कसे जाता. 'स्कूटर काढतो, पुढून यू-टर्न मारून येतो' हे उत्तर आलं की ते लिहून घ्या, तो तुमचा सगळ्यात दमदार पुरावा आहे.

अपघातांची माहिती पोलिसांकडे असते, हल्ली ई-डार या सरकारी अपघात-नोंदणी प्रणालीत जागेसकट नोंद होते, माहिती अधिकारात मागता येते. मागताना मागच्या तीन-चार वर्षांचे पादचारी आणि सायकलस्वार वेगळे करून मागा, नाहीतर एकच ढोबळ आकडा हातात येईल.

नकाशा: नवीन रेघ ओढण्याआधी जुनी वाट शोधा

मोठा प्रिंट काढा आणि त्यावर आधी जायची ठिकाणं टाका: शाळा, बसस्टॉप, दवाखाना, बाजार, कपेल, देऊळ, पंचायत, रेशन दुकान, बेतीची फेरीबोट. प्रत्येक बसस्टॉपभोवती ४०० ते ५०० मीटरचं वर्तुळ काढा, म्हणजे पाच-सहा मिनिटांचं चालणं. आता त्या वर्तुळातल्या घरांपासून स्टॉपपर्यंत खरी वाट किती लांब पडते ते मोजा. पुष्कळ ठिकाणी दिसेल की घर स्टॉपपासून सरळ रेषेत २०० मीटरवर आहे पण मधे गेटेड कॉलनी बसल्यामुळे चालायला ८०० मीटर पडतात. हीच तुटलेली जागा, आणि नकाशावर अशा जागा लाल करत जायचं.

मग जुन्या लोकांना बसवा. कोणतीही आजी सांगेल की पूर्वी या भाटातून (माडांच्या बागेतून) वाट होती, चिऱ्यांच्या पायऱ्या उतरून खाली शेतात जायचो, व्हाळावर छोटा साकव होता. त्यातल्या काही वाटा सर्व्हे प्लॅनवर दिसतात, काही नाहीत, पण पायाखालच्या वाटा या सगळ्या जाळ्यातला सगळ्यात स्वस्त भाग आहे, नुसता दिवा आणि थोडी दुरुस्ती केली की शॉर्टकट तयार. पारंपरिक वाट कोणी अडवली असेल तर त्यासाठी मामलेदार कोर्टाचा १९६६ चा कायदा आहे, मात्र वकिलाला विचारून लवकर हालचाल करा, दावा उशिरा लावला तर मुदतीत अडकतो.

तोर्ड्याच्या बाजूला खाजनांचे, म्हणजे खारं पाणी अडवून केलेल्या सखल शेतांचे, बांध आहेत, सपाट, वारा छान, सायकलला मस्त वाटतात. पण खाजन जमीन सीआरझेडच्या (किनारी क्षेत्राच्या) नियमात येते आणि बांध हा मुळात खारं पाणी अडवायला आहे. वर काँक्रीट ओतायची आयडिया पूर्ण सोडून द्या. बांध सांभाळणाऱ्या कूळ संघाशी बोलून आहे त्या मातीवरून चालायला परवानगी घेणं एवढंच करावं.

चढ वेगळ्या रंगात टाका. पर्वरी पठारावर आहे आणि बेती-वेरें खाली नदीला लागून, त्यामुळे सपाट शहरातले नियम इथे लागत नाहीत. साधारण हिशेब असा की १०० मीटरला ३ मीटर चढ कोणालाही जमतो, ५ मीटर चढ थोड्या अंतरापुरता, त्याच्या वर गेलं की लोक उतरून सायकल ढकलतात. अशा उतारावर दोन्ही बाजूंना ट्रॅक करायला जागा नसते, मग जागा चढणाऱ्या बाजूला द्या. चढताना सायकल हळू असते, डुलते, मागून येणारी बस घाबरवते, उतरताना मात्र सायकल वाहनांच्या वेगात मिसळू शकते. फक्त उतरताना मधेच गटाराची जाळी येणार नाही हे बघा.

प्रत्येक रस्त्याला ट्रॅक नको

हे ऐकून सायकलप्रेमी नाराज होतात पण मी ठामपणे सांगते. पहिला प्रकार म्हणजे वाड्यावरचे ५-६ मीटर रुंदीचे रस्ते, त्यांच्यावर रंग मारून सायकल लेन करण्यात काही अर्थ नाही, दुसऱ्या दिवशी तिच्यावर गाड्या पार्क झालेल्या असतात. तिथे काम आहे ते गाड्यांचा वेग कमी करायचं. जिथे माणसं आणि गाड्या मिसळतात तिथे वेग ताशी ३० च्या वर नको, २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही हेच म्हटलंय, आणि त्याचं कारण साधं आहे, ३० ने धडक बसलेला माणूस बहुतेक वेळा वाचतो आणि ५० ला वाचण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. नुसती पाटी लावून वेग कमी होत नाही. रस्ता थोडा अरुंद करा, कोपऱ्याची गोलाई कमी करा, क्रॉसिंग उचलून फुटपाथच्या लेव्हलला आणा. तो कुठेही टाकलेला टोकदार डांबराचा उंचवटा मात्र नको, त्याने पोदेराची टोपली उलटते आणि आजारी माणसाचे हाल होतात. पसरट, गोल, आधी पाटी आणि पांढरे पट्टे असलेला स्पीडब्रेकर करा.

दुसरा प्रकार म्हणजे वस्तीतले मुख्य रस्ते, जिथून बस जाते. तिथे दोन्ही बाजूंना सलग फुटपाथ पाहिजेच, आणि जागा असेल तर सायकल. तिसरा म्हणजे हायवेचे सर्व्हिस रोड आणि चोगम रोडसारखे रस्ते, जिथे गाड्या जोरात जातात. फक्त इथे रस्त्यापासून कठड्याने वेगळा केलेला ट्रॅक लागतो, एका दिशेला कमीत कमी २ मीटर आणि दोन्ही दिशा एकाच ट्रॅकवर असतील तर ३. ट्रॅक बसस्टॉपच्या मागून न्या, पुढून नेलात तर बस, प्रवासी आणि सायकल एकाच जागी आदळतात.

पुण्याकडून दोन्ही धडे घेण्यासारखे आहेत. तिथे आधी तुकड्यातुकड्यांत सायकल ट्रॅक झाले, ते एकमेकांना जोडलेले नव्हते, मग पार्किंग आणि टपऱ्यांनी भरले. नंतर २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर झाला. आणि जंगली महाराज रस्त्यावर रुंद फुटपाथ केल्यावर लोक खरंच चालायला लागले, बसायला लागले. म्हणजे आपली माणसं चालत नाहीत असं नाही, आधी चालण्यासारखी जागा हवी.

हायवे ओलांडणं, इथेच सगळं अडतं

उड्डाणपुलामुळे लांबची गाडी वरून जाणार आणि खालचा रस्ता गावाला परत मिळायची संधी आहे. पण ती आपोआप मिळत नाही. खालचा रस्ता पुन्हा हायवेसारखाच रुंद आणि सरळ ठेवला तर गाड्या तिथेही सुसाटच जाणार. म्हणून खालच्या डिझाइनच्या वेळी पंचायतींनी एकत्र येऊन मागायच्या गोष्टी अशा.

क्रॉसिंग जमिनीवरच द्या. पादचारी पूल दिला की काम झालं असं समजतात, पण हायवेवरून ट्रक जायला साडेपाच मीटर मोकळी उंची सोडावी लागते, म्हणजे माणसाने सहा मीटर चढायचं आणि सहा मीटर उतरायचं. मासळीची पाटी घेतलेली बाई हे करणार नाही, ती खालूनच पळत जाईल. लिफ्ट लावली तरी तिची देखभाल कोण करणार हे आधी लिहून घ्या.

पुलाच्या खांबांची मधली पट्टी हा खरं तर मोठा फायदा आहे, कारण तिथे थांबून रस्ता दोन टप्प्यांत ओलांडता येतो. थांबायची जागा किमान २ मीटर खोल हवी म्हणजे सायकल किंवा बाबागाडी आडवी मावते. आता एक बारीक गोष्ट जी ड्रॉइंगवर सुटते: झेब्रा खांबाच्या अगदी मागून काढला तर खांबाआडून बाहेर येणारं मूल ड्रायव्हरला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. झेब्रा दोन खांबांच्या मधोमध घ्या, खांबापासून लांब, आणि तिथे वरून पुलाची सावली पडते म्हणून दिवसासुद्धा दिवा लागतो. ड्रॉइंग मिळालं की खाली बसून सात वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून तो कोपरा डोळ्यापुढे आणा, मग कळेल काय दिसतं आणि काय नाही.

सिग्नलची वेळसुद्धा तपासा. सिग्नलच्या हिशेबात माणूस सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास चालतो असं धरतात, म्हणजे १४ मीटरच्या रस्त्याला १२ सेकंद. गुडघे दुखणारी बाई सेकंदाला ०.८ मीटरच चालते, तिला १७-१८ सेकंद लागतात. हा फरक मागायला लाजू नका.

आणि जंक्शनवरचे ते डावीकडे न थांबता वळायचे मोकळे रस्ते, ते बंद करायला सांगा. तिथे गाडी कधी थांबतच नाही, मग चालणाऱ्याने जायचं कधी.

पणजीला सायकलने जायचं असेल तर मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकी, तीनचाकीला बंदी आहे, आणि जुन्या पुलांवर गाड्यांमध्ये घुसून सायकल चालवणं सगळ्यांना जमत नाही. माझ्या मते पर्वरीच्या सायकल जाळ्याचा दक्षिणेकडचा दरवाजा बेतीची फेरीबोट आहे. चालणाऱ्याला फुकट, पाच-दहा मिनिटांत पलीकडे. पठारावरून बेतीला उतरणारा एक सुरक्षित रस्ता, धक्क्यावर छपराखाली सायकल स्टँड, आणि पणजीच्या बाजूला उतरल्यावर पुढे जायची सोय, एवढं केलं तरी खूप होईल.

फुटपाथ: सगळी लढाई गेटपुढे

इंडियन रोड्स काँग्रेसचा आयआरसी १०३ हा नियम आहे, त्यात वस्तीत १.८ मीटर मोकळी रुंदी आणि २.२ मीटर मोकळी उंची सांगितलीय. मोकळी म्हणजे मधे खांब नाही, झाड नाही, डीपी नाही. दुकानांपुढे याहून जास्त लागते. फुटपाथची कड, म्हणजे कठडा, १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको, उंच केला की लोक खालीच चालतात.

पण खरी गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही फुटपाथवर १०० मीटर चालून बघा. गटारावरची फरशी, मग बंगल्याचं गेट आलं की फुटपाथ एकदम खाली, गेट संपलं की परत एक पायरी वर, पुढे विजेचा खांब बरोबर मधे, मग सिमेंटचा उतार कारण त्यांना गाडी आत घ्यायचीय, पुढे एक फरशी हलते आणि पावसात तिच्याखालून पिचकारी उडते. शंभर मीटरमध्ये दहा-बारा वेळा चढउतार. म्हातारी माणसं म्हणूनच रस्त्याच्या कडेने चालतात, फुटपाथ आहे तरी. उपाय म्हणजे फुटपाथची लेव्हल गेटपुढे अजिबात तोडायची नाही, गाडीसाठीचा छोटा उतार फक्त कठड्याच्या पट्टीत द्यायचा. गाडीने चढून यावं, माणसाने उतरू नये. जिथे फुटपाथ खरंच उतरवावा लागतो तिथे १ ला १२ पेक्षा (१२ मीटरला १ मीटरपेक्षा) तीव्र उतार नको. टेंडरमध्ये हे वाक्य नसेल तर कॉन्ट्रॅक्टर सवयीने जुन्याच पद्धतीने करणार, म्हणून काम सुरू व्हायच्या आधी एका गेटपुढे नमुना करून घ्या आणि त्यावर साबांखाच्या (सार्वजनिक बांधकाम खात्याच्या) इंजिनिअरची सही घ्या.

पेव्हर ब्लॉकबद्दल स्पष्ट सांगते, आपल्या पावसात सावलीच्या जागी त्यांच्यावर शेवाळ धरतं आणि माणसं घसरतात. झाडू मारलेलं खरखरीत काँक्रीट बरं. गटाराच्या जाळीचे गज सायकलच्या दिशेला आडवे पाहिजेत, समांतर असले की चाक आत जातं.

विक्रेत्यांना हाकलून फुटपाथ मोकळा करायचा विचार चुकीचा आहे. चतुर्थीच्या आधी माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं) सामान रस्त्याकडेलाच विकलं जातं, फेस्ताला दुकानं लागतात, हे आपलं जगणं आहे. २०१४ चा फेरीवाला कायदा जागा ठरवून द्यायला सांगतो. डिझाइनमध्येच चालायच्या पट्ट्याबाहेर त्यांची पट्टी ठेवा, झाडं पण त्याच पट्टीत.

कागदपत्रं आणि ग्रामसभा

रस्ता कोणाचा हे आधी यादी करून ठेवा: हायवे केंद्राचा, मोठे रस्ते साबांखाचे, आतले काही पंचायतीचे, आणि ले-आउट, बांधकामांची नियोजन मंजुरी नगरनियोजन खातं किंवा एनजीपीडीएकडे (उत्तर गोवा नियोजन आणि विकास प्राधिकरणाकडे). चार पंचायती वेगवेगळे ठराव करतील तर जाळं हद्दीवर येऊन तुटणार, म्हणून एकच नकाशा चारही ग्रामसभांत ठेवायचा. सर्वसाधारण ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या रविवारी असतात, विषय आधी लेखी द्या. 'सायकल ट्रॅक करावा' असा ढोबळ ठराव करून काही होत नाही. 'अमुक शाळेच्या गेटपासून अमुक बसस्टॉपपर्यंत, उजव्या बाजूला, १.८ मीटर मोकळा सलग फुटपाथ, दोन उचललेली क्रॉसिंग, काम मे अखेर पूर्ण' असं लिहा.

कोणी म्हटलं की फुटपाथ ही चैन आहे तर सांगा की १४ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने फुटपाथ वापरण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये येतो असं म्हटलंय, आणि ते अपंगांना वापरता येतील असे हवेत हेही.

नवीन वसाहतीचा ले-आउट मंजूर होताना मधून चालायची वाट ठेवायची अट घालून घ्या. एकदा भिंत उभी राहिली की ती वाट परत मिळवायला वर्षं जातात. चालणाऱ्यासाठी दर १००-२०० मीटरला आणि सायकलसाठी ३००-४०० मीटरला पर्यायी वाट मिळाली पाहिजे.

आधी ट्रायल, मग सिमेंट

पुण्यात औंधला आधी तात्पुरतं करून बघितलं, मग पक्कं केलं. आपणही शाळेजवळचा एक तुकडा घ्या, कोन, रंग, मातीच्या कुंड्या, दोन-तीन आठवडे. पार्किंग गेलं म्हणून दुकानदार ओरडतील, त्यांना आधीच भेटा आणि माल उतरवायची वेळ ठरवून द्या. स्कूटर ट्रॅकमध्ये घुसतात ही तक्रार येणारच, आणि खरं सांगायचं तर छोटे खांब लावून ते पूर्ण थांबत नाही, कारण व्हीलचेअर जाईल एवढी फट ठेवली की स्कूटरही जाते. मुख्य रस्ता तुंबतो तेव्हाच स्कूटर घुसतात, त्यामुळे जंक्शन सुधारलं की अर्धं कमी होतं, बाकीचं सुरुवातीचे काही महिने पोलिसांना तिथे उभं करून.

ट्रायल चालू असताना त्याच जागी, त्याच वेळेला परत मोजा. मुलं आणि बायका वाढल्या का एवढं बघा, तोच खरा निकाल.

पाऊस आणि देखभाल

कामाची मुदत ३१ मे, त्यापुढे नाही. जूनमध्ये शाळा उघडतात आणि पाऊस त्याच आठवड्यात येतो, अर्धवट खोदलेला फुटपाथ म्हणजे गटारात पडायची जागा. सांडपाण्याची लाइन, पाण्याची पाइप, भूमिगत केबल, कोणाला खोदायचंय ते साबांखा, वीज खातं सगळ्यांकडून ऑक्टोबरमध्येच लेखी विचारा आणि आधी खोदून घ्या. नंतर खोदणाऱ्याने लेव्हलसकट पूर्ववत करायचं ही अट परवानगीतच टाका.

पंचायतीच्या बजेटमध्ये देखभालीचं वेगळं शीर्षक करून घ्या, अगदी छोटं का असेना. त्यात दरवर्षी चारच कामं: मेमध्ये गटारांच्या फरशा उचलून साफ करणं आणि हलणाऱ्या बसवणं, जुलै-ऑगस्टमध्ये शेवाळ घासणं आणि वाटेवर आलेलं रान कापणं, चतुर्थीआधी बंद दिवे लावणं, आणि नोव्हेंबरमध्ये झेब्रा पुन्हा रंगवणं कारण पावसात पहिला तोच पुसला जातो. पावसाळ्याच्या पहिल्या मोठ्या सरीला कमिटीतल्या एकाने छत्री घेऊन पूर्ण वाट चालायची आणि पाणी कुठे साचतंय त्याचे फोटो त्याच दिवशी पंचायत सेक्रेटरीला द्यायचे, कारण दोन दिवसांनी ते पाणी ओसरतं आणि मग इंजिनिअरला तिथे काहीच दिसत नाही.